ले-आउटच्या पाण्याने नाल्याचा काठ खचतोय: आरसीसी भिंत, गॅबियन की शोषखड्डे?

काठावरचा_प्लॉट

नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा-बेलतरोडी पट्ट्यातला पाच एकरांचा, म्हणजे साधारण २ हेक्टरचा ले-आउट आहे. रस्ते सगळे सिमेंटचे, बाजूला झाकलेली नाली. ले-आउटचं सगळं पावसाचं पाणी ६०० मिमीच्या एका ह्यूम (सिमेंट काँक्रीटच्या) पाइपने मागच्या नाल्यात सोडलंय. पाइपचं तोंड काठातून अर्धा मीटर बाहेर आलेलं, नाल्याच्या तळापासून १.८ मीटर उंच, आणि खाली काहीच बांधलेलं नाही. पाइप नाल्याला काटकोनात आहे.

नाला तळाशी ६ मीटर रुंद, काठ अडीच मीटर उंच. पाइपखाली मांडीभर खोल खड्डा झालाय. दोन पावसाळ्यांत तिथला काठ दीड मीटर आत आला, समोरचा काठही नेमका त्याच जागी पोखरलाय. पाइपपासून प्रवाहाच्या दिशेने वीसेक मीटरवर नाला वळतो आणि वळणाची बाहेरची बाजू आपली. तिथे काठ उभाच्या उभा कापलेला आहे. कम्पाउंडची भिंत आता काठापासून ४ मीटरवर. काठाला समांतर, कडेपासून दोन फूट आत, बोट जाईल एवढी भेग पडलीय.

सभासदांची तीन मतं आहेत. एक, २० मीटर आरसीसी भिंत. दोन, गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेला बांध. तीन, मोकळ्या जागेत शोषखड्डे घेऊन पाणीच कमी करू. पैसे यंदा एकाच कामापुरते आहेत. आधी काय करावं?

पाणलोट_विदर्भ

भाऊ, तुमच्या वर्णनात एक नाही, तीन दुखणी आहेत. कारणंही वेगवेगळी, त्यामुळे सभासद एकमेकांशी भांडणार आणि प्रत्येक जण थोडा थोडा बरोबर असणार.

पाइपखालचा खड्डा हा शंभर टक्के तुमच्या ले-आउटचा. १.८ मीटरवरून पडणारं पाणी तळावर आदळताना सेकंदाला जवळपास ६ मीटर वेगात असतं. काळी माती ०.६ ते ०.९ मीटर वेगापर्यंत तग धरते, घट्ट मुरूम १.२ ते १.५ पर्यंत. सहापुढे दोघांचाही निभाव नाही. खड्डा झाला की त्यातलं पाणी मागे फिरून पाइपच्या पोटाखालचा काठ खातं, वरची माती लोंबकळते आणि एक दिवस ढेपच्या ढेप पडते. समोरचा काठ पोखरला तो काटकोनातल्या धारेने.

वळणावरचं दुखणं मात्र तुमच्या पाइपचं नाही. आकडे मांडून बघा. गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) × पावसाचा जोर (मिमी प्रति तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६० केलं की घनमीटर प्रति सेकंद मिळतात. तुमचे २ हेक्टर, गुणांक ०.६५, छोट्या क्षेत्रासाठी पंधरा मिनिटांच्या सरीचा जोर ८० मिमी धरा: ०.२९ घनमीटर, म्हणजे सेकंदाला २९० लिटर. आता नाल्याचा पाणलोट गूगल अर्थवर आखून मोजा. समजा ३ चौरस किमी निघाला. मोठ्या क्षेत्राला पाणी गोळा व्हायला वेळ लागतो म्हणून जोर ५० मिमी, गुणांक ०.५: साधारण २१ घनमीटर. त्यात तुमचा वाटा दीड टक्कासुद्धा नाही. वरची सगळी वस्ती मिळून तो काठ कापतेय. तुमच्या मोकळ्या जागेत थेंबन् थेंब अडवला तरी वळण थांबणार नाही.

भेगेचं कारण तिसरंच. पाऊस उघडला की असा नाला तास-दोन तासांत उतरतो, पण भिजलेली काळी माती पाणी सोडायला दिवस घेते. काठ पाण्याने जड झालेला आणि समोरून पाण्याचा टेकू गेलेला. म्हणून काठ ऐन पावसात कमी पडतो, उघडीप मिळाल्यावर जास्त. भेगेत शिरलेलं पाणी त्याला आणखी बाहेर ढकलतं.

अजून एक. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तीन-चार तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हापासून नागपुरात जो तो त्या पावसाला पुरेल असं काम मागतो. घरात पाणी शिरू नये यासाठी ते ठीक. पण काठ कापण्याचं बहुतेक काम करतात वर्षा-दीड वर्षाला येणारे, नाला पाऊण ते काठोकाठ भरणारे पूर. ते जास्त वेळा येतात म्हणून. काठाचं काम आखताना नजर त्या पुरांवर ठेवा.

पैसे एकाच कामाचे असतील तर पाइपचं तोंड. वळण पुढच्या वर्षी. भिंत सध्या विसरा.

डबर_आणि_गिट्टी

वरच्याशी सहमत. पाइपच्या तोंडाचं काम नेमकं कसं ते लिहितो, कारण ठेकेदार साधारणपणे पाइपखाली चार टोपली काँक्रीट ओततो आणि बिल लावतो. ते काँक्रीट पहिल्याच पावसाळ्यात खालून पोकळ होतं.

काठाच्या कडेपासून निदान ३ मीटर आत ड्रॉप चेंबर घ्या. आतून १.५ × १.५ मीटर. वरचा पाइप चेंबरमध्ये पडेल आणि खालचा ६०० मिमीचाच पाइप नाल्याच्या तळाच्या पातळीला निघेल. पडणाऱ्या पाण्याचा जोर चेंबरमध्येच मरायला हवा. तळाला ३० सेंमी एम-२५ काँक्रीट, त्यात ओलं असतानाच २०-२५ सेंमीचे काळे दगड उभे रोवायचे, अर्धे वर राहतील असे. पाणी साचवणारा खोलगट सम्प ठेवू नका, डासांची पैदास होते.

खालचा पाइप काढताना त्याचं तोंड प्रवाहाच्या दिशेला वळवा, ३० ते ४५ अंश. उतार १००ला १ पुरे. एवढ्या उतारावर ६०० मिमीचा पाइप भरून वाहिला तर सेकंदाला ६०० लिटर नेतो, तुमच्या २९० च्या दुप्पट. ५०ला १ दिला तर वेग विनाकारण ३ मीटरपर्यंत जातो. पाइप एनपी-३ (मध्यम भाराचा आरसीसी पाइप), रबर रिंगचे जोड. सिमेंट मसाल्याचे कॉलर जोड काळ्या मातीत टिकत नाहीत: माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, जोड उघडतो आणि गळती थेट काठाच्या पोटात. पाइपखाली आणि दोन्ही बाजूंना १५ सेंमी मुरूम दाबून घ्या.

चर भरताना वाळू किंवा गिट्टी टाकायची नाही. पाइपच्या बाजूने पाण्याला आयती वाट मिळते आणि मागची माती त्या वाटेने निघून जाते. मुरूम-माती १५-१५ सेंमीच्या थरात, ओलसर करून, प्लेट कॉम्पॅक्टरने. शिवाय मध्यावर पाइपभोवती काँक्रीटची एक कॉलर भिंत, चारी बाजूंना ३० सेंमी बाहेर येईल अशी.

आता तोंडासमोरचं दगडी पटांगण. लांबी व्यासाच्या सहा पट धरा: ३.६ मीटर. रुंदी पाइपपाशी १.८, टोकाला ४.२ मीटर. जाडी ६० सेंमी. एकूण ६.५ घनमीटर, म्हणजे २.३ ब्रास. मागवताना अडीच ब्रास सांगा. दगड मधल्या आकाराचा ३० सेंमी, काळा बसाल्ट, कोनेदार. गोटे नकोत, ते गडगडतात. असा एक दगड साधारण ४० किलो भरतो. ट्रकमधला माल पाहताना दहा दगड डोळे मिटून निवडा, निम्मे तरी ३० सेंमीच्या वर असायला हवेत. दगडाखाली २५० जीएसएमचं नॉन-वोवन जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यावर १० सेंमी ४० मिमी गिट्टी, मग दगड. कापड नसेल तर पाणी दगडांच्या फटींतून खालची माती शोषून नेतं आणि दोन वर्षांत अख्खं पटांगण खाली बसतं. टोकाला ६० सेंमी खोल चर घेऊन त्यात दगड भरा. हे टोक सोडलं की पाणी तिथूनच मागे उकरत येतं. पटांगणाचा माथा नाल्याच्या तळाशी समपातळीत. एक इंचही वर नको, नाहीतर तोच नाल्यात बंधारा होईल.

सध्याचा खड्डा मुरमाने भरून दाबा, मग वरचं काम. मलबा, तुटक्या टाइल्स, जुन्या स्लॅबचे तुकडे खड्ड्यात ढकलायचे नाहीत. त्यांच्या सपाट पाट्यांवरून पाणी घसरतं आणि कडेची माती उकरतं.

रेगूर_ताई

शोषखड्ड्यांबद्दल. मंजुरीच्या नकाशात दाखवायला ते छान दिसतात. काळ्या मातीत त्यांचा हिशेब करून बघा.

काळी माती मे महिन्यात भेगाळलेली असते, पहिल्या पावसाचं पाणी गटागटा पिते. सगळे खूश. पंधरा दिवसांत ती फुगते, भेगा मिटतात आणि मग तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी मुरतं. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, नेमकी गरज असते तेव्हा, खड्डा म्हणजे भरलेला माठ. दुसरं, गिट्टी भरलेल्या खड्ड्यात पोकळी ४० टक्केच. दीड मीटर व्यास, २ मीटर खोल खड्ड्यात १,४०० लिटर मावतात. १०० चौरस मीटरच्या एका छतावर २५ मिमी पाऊस पडला तर २,२०० लिटर येतात. एका घराचंही भागत नाही.

काळ्या मातीचा थर फोडून खालच्या मुरमात खड्डा नेला तर गोष्ट वेगळी. आधी तपासा: खड्ड्याच्या तळाला ३० सेंमी खोल आणखी एक छोटा खड्डा घ्या, रात्रभर पाणी भरून भिजू द्या, सकाळी पुन्हा भरून तासाभरात किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला २५ मिमीपेक्षा जास्त उतरलं तर तिथे शोषखड्डा करण्यात अर्थ आहे. छताचं पाणी जुन्या विहिरीत सोडायचं असेल तर जाळी आणि वाळू-गिट्टीचा गाळण थर लावून जरूर सोडा. रस्त्याचं पाणी विहिरीत वा बोअरमध्ये अजिबात नाही, त्यात गाड्यांचं तेल असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: काठापासून १५ मीटरच्या आत शोषखड्डा घेऊच नका. तुम्ही पाणी मुरवताय असं वाटतं, प्रत्यक्षात काठ आतून भिजवताय. ती भेग महिन्याभरात हातभर होईल.

पाणी अडवायचंच असेल तर मोकळी जागा खोलगट करा. २ हेक्टरला १० टक्के ओपन स्पेस म्हणजे २,००० चौरस मीटर. त्यातला १,२०० चौरस मीटरचा भाग ३० सेंमी खाली घेतला तर ३६० घनमीटर पाणी उभं राहतं. २५ मिमीच्या सरीचं ले-आउटमधलं पाणी ३२५ घनमीटर, ते सगळं मावलं. कडांना चारास एक असा सपाट उतार द्या, मुलं खेळतील, हिवाळ्यात क्रिकेट होईल. निघायला तळाशी २०० मिमीचं एकच भोक, वर सांडव्यासाठी २ मीटर रुंद दगडी तोंड. भरलेलं पाणी चार-पाच तासांत उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दिसलं तर भोक तुंबलंय असं समजा.

एक चूक हमखास होते. झाकलेल्या नालीचा तळ रस्त्याच्या ६०-९० सेंमी खाली असतो. ३० सेंमी खोल मैदानात ते पाणी चढणार कसं? म्हणून पाणी नालीत पडण्याआधीच, रस्त्याच्या कडेचा कर्ब दर ६-८ मीटरवर अर्धा मीटर रुंद कापून, वरच्या वर मैदानात घ्यायचं. प्रत्येक तोंडापाशी १.५ × १ मीटरचा दगड बसवलेला गाळखड्डा. पावसाळ्यात तो महिन्याला एकदा उपसायचा.

पाणलोट_विदर्भ

ताईंच्या मैदानाला माझा पाठिंबा, फक्त भोकाचा आकार वाढवू नका. समिती दुसऱ्या वर्षी म्हणते, "पाणी लवकर निघू द्या, भोक ३०० चं करा." २०० मिमीचं भोक ३० सेंमी पाण्याला सेकंदाला ३७ लिटर सोडतं. एवढं पाणी नाल्यात गेलं तरी माती हलत नाही. अडवलेलं पाणी नंतर मध्यम वेगाने तासन् तास सोडलं तर पुराचा कळस कमी होतो खरा, पण माती हलवण्याइतका प्रवाह जास्त वेळ चालू राहतो आणि काठ उलट जास्त झिजतो. अडवणं हा अर्धाच भाग, सोडण्याचा वेग खरा.

मर्यादाही लक्षात असू द्या. तासभर ६० मिमी बरसला तर ७८० घनमीटर पाणी येतं आणि मैदान अर्ध्या तासातच ओसंडतं. सांडवा त्यासाठीच, आणि त्याचं पाणी ड्रॉप चेंबरकडे गेलं पाहिजे. काठावरून मोकळं सोडलं तर तिथे नवी घळ पडेल.

काठावरचा_प्लॉट

खूप आभार. कडेला एक खड्डा घेऊन पाहिलं: वरून १.४ मीटर काळी माती, खाली पिवळा मुरूम. नाल्याचा तळही मुरमाचाच. वळणावर काही न करता वर्ष काढता येईल का? आणि भिंतीला एवढा विरोध का? शेजारच्या ले-आउटने नाल्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीट केलंय, त्यांचा काठ जागचा हलला नाही.

डबर_आणि_गिट्टी

त्यांचा हलला नाही. त्यांच्या काँक्रीटच्या खालच्या टोकाला जाऊन या, तिथे खड्डा दिसेल. गुळगुळीत काँक्रीटमध्ये पाणी मातीच्या नाल्यापेक्षा दुपटीने धावतं आणि तो सगळा वेग जिथे काँक्रीट संपतं तिथल्या माणसाच्या काठावर उतरतो. तो माणूस तुम्हीच असाल तर आश्चर्य नाही, अंतर मोजून बघा.

भिंत पडते ती तीन कारणांनी. पाया काळ्या मातीवर ठेवलेला असतो आणि ती फुगून-आकसून भिंत हलवते. मागे साचलेल्या पाण्याला वाट नसते. आणि तळ उकरला जाऊन पाया उघडा पडतो. तिसऱ्याचं गणित कोणी करत नाही. लेसीच्या सूत्राने (पुरात तळ किती खोल उकरला जाईल ते सांगणारं सूत्र), २१ घनमीटर पाणी ६ मीटर रुंदीतून, पाण्याची खोली साधारण १.९ मीटर धरली तर सरळ भागात तळाखाली १.२ मीटर आणि वळणावर २.७ मीटरपर्यंत उकर येऊ शकते. हे बारीक मातीसाठी. तुमचा तळ मुरमाचा आहे म्हणजे आकडा बराच खाली येतो. तरी वळणावर पाया मुरमात निदान एक मीटर गेलाच पाहिजे. एवढा खोल पाया आणि वर अडीच मीटर भिंत, म्हणजे साडेतीन मीटरची रिटेनिंग वॉल. ती स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या डिझाइनशिवाय बांधायची गोष्ट नाही. गॅबियन याच जागी स्वस्तात आणि थोडं वाकूनही उभं राहतं.

पण गॅबियन म्हणजे काही जादू नव्हे जी. वळणावर २० मीटरसाठी २ × १ × १ मीटरच्या पेट्या, दोन थर, एकूण २० पेट्या. दगड ४० घनमीटर, १४ ब्रास. खालचा थर नाल्याच्या तळाखाली पूर्ण गाडायचा, वरचा तळापासून एक मीटर उंच दिसेल आणि अर्धा मीटर मागे सरकवलेला असेल. म्हणजे फक्त पायथा धरला. वरच्या दीड मीटर काठाला पेट्या लागत नाहीत, त्याला २:१ उतार द्या: उभं एक, आडवं दोन. त्यासाठी ३ मीटर जागा जाते. भिंत ४ मीटरवर आहे आणि पेट्याही काही जागा घेतील. भागेल, पण थोडक्यात. म्हणून वळणाची अजून एक पावसाळा वाट पाहू नका असंच माझं मत पडतंय. काठ आणखी मीटरभर सरकला तर उताराला जागा उरणार नाही आणि मग खरंच भिंतीशिवाय इलाज नाही.

जाळी घेताना: दुहेरी पिळाची षटकोनी, १०० × १२० मिमी, तार २.७ मिमी, आयएस १६०१४ प्रमाणे. तारेवर पीव्हीसीचं आवरण मागा, नाल्यात सांडपाणी असतं आणि ते जस्त लवकर खातं. कुंपणाची चेन-लिंक जाळी शिवून "गॅबियन" म्हणून खपवतात. तिची एक तार तुटली की आख्खी बाजू उसवते. दगड १५ ते २५ सेंमी, दर्शनी बाजूला हाताने रचलेला. टोपलीने ओतला तर पेटी पोट काढते. एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश उंचीवर समोरच्या-मागच्या जाळीला आडव्या ताणतारा. पेट्यांच्या मागे आणि खाली जिओटेक्स्टाइल, पुढे नाही. दोन्ही टोकं काठात २ मीटर आत वळवून गाडा. बहुतेक गॅबियन मधून न फुटता टोकाच्या मागे पाणी शिरून उलटतात.

पाणलोट_विदर्भ

मी वर वळण पुढच्या वर्षी म्हटलं होतं, ४ मीटर जागेचा हिशेब बघता मागे घेतो. मग मैदान पुढच्या वर्षी. पैसे अगदीच पुरत नसतील तर पाइपचं तोंड पूर्ण करा आणि वळणावर फक्त खालचा गाडलेला थर टाका: १० पेट्या, ७ ब्रास. पायथा धरला की वरचा काठ आपोआप थोडा उताराला येतो. पायथा सोडून वरच्या उतारावर खर्च करणं हा उलटा क्रम, आणि तोच सगळीकडे दिसतो, कारण वरचं काम दिसतं.

पावसाळ्यापूर्वी नालेसफाईला पोकलेन येतं तेव्हा कोणीतरी उभं राहा. बकेट काठाला घासून पायथ्याची माती ओढली, तळ अर्धा मीटर खाली नेला, की सगळा हिशेब बदलतो. गाळ मधल्या ४ मीटरमधूनच काढायचा, दोन्ही बाजूंचा एक-एक मीटर सोडायचा. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवू द्यायचा नाही, त्याच्या वजनाने भेगेवरचा काठ बसतो.

वाळा_निर्गुडी

उतारावर काय लावायचं ते थोडक्यात. वाळा. दोन-तीन फुटव्यांची ठोंबं, पानं २० सेंमीवर छाटलेली, ओळीत १०-१५ सेंमी अंतराने, ओळी उताराला आडव्या, एकीखाली एक उंचीत १ मीटरवर. दोन ओळींत हरळी. लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनअखेर. उतारावर आधी काथ्याची जाळी अंथरा आणि बांबूच्या खुंट्यांनी दर मीटरला टोचा, कारण पहिल्या पावसाळ्यात वाळा काही धरत नाही, जाळीच धरते. मुळं दोन-तीन मीटर जातात ती नंतरच्या वर्षांत. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक पाणी द्यावंच लागतं. नागपूरच्या मे महिन्यात कोवळा वाळा वाचत नाही, आणि मग लोक म्हणतात वाळा आमच्याकडे चालत नाही.

गॅबियनच्या वरच्या कडेला निर्गुडीच्या अंगठ्याएवढ्या जाड, ६०-७५ सेंमी लांब काड्या, दोन तृतीयांश मातीत. माथ्यावर करंज किंवा अर्जुन चालेल, कडेपासून २ मीटर आत. बांबू काठाच्या तोंडावर नको, बेट जड होऊन काठासकट झोपतं. काठावर बेशरमाची झुडपं असतील तर मुळासकट उपटू नका. जमिनीलगत कापा, वाळा धरला की मग काढा.

काठावरचा_प्लॉट

मस्त. शेवटचे दोन प्रश्न. परवानगी कोणाची? आणि भेगेचं आत्ता काय करायचं?

रेगूर_ताई

नाल्याचं पात्र सरकारच्या मालकीचं असतं, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०. तुमचं चेंबर तुमच्या जागेत आहे, पण दगडी पटांगण आणि गॅबियनचा पायथा पात्रात येतो. आधी मोजणीच्या नकाशावर नाल्याची हद्द बघा, मग ज्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत आहात तिला आडवा-लांबट छेद काढलेला नकाशा जोडून अर्ज करा, तहसील कार्यालयाला प्रत द्या. नकाशावर "पात्राची रुंदी कमी होत नाही" हे मापासकट दिसू द्या. अर्ज आताच करा, काम फेब्रुवारी ते मे या काळात उरकायला हवं.

भेग वाळूने किंवा सिमेंटने भरू नका. वाळूतून पाणी आत शिरतं, सिमेंटची पाचर होते. कोरडी काळी माती आणि मुरूम निम्मे-निम्मे, सळईने ठोकून भरा, वर १० सेंमी उंचवटा करून पाणी काठाकडून ले-आउटकडे, आतल्या बाजूला वळवा. कम्पाउंडमधल्या घरांच्या छताचे पाइप मागे काठावर सोडलेले असतील तर ते आजच पुढच्या नालीला जोडा, याला खर्च जवळपास नाही. आणि कडेपासून १, २ आणि ३ मीटरवर लोखंडी सळईच्या तीन खुंट्या ठोका, प्रत्येकीचं भिंतीपासूनचं अंतर टेपने लिहून ठेवा. दर मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी मोजा. पहिली खुंटी ५ सेंमी सरकली तर तिथे गाड्या लावणं बंद करा.

डबर_आणि_गिट्टी

चेंबर खोदताना पण लक्ष द्या. भेगेच्या बाजूने जेसीबी काठावर चढवायचा नाही, ले-आउटच्या बाजूनेच उभा करायचा. खोदलेली माती काठावर टाकायची नाही. अडीच मीटरचा खड्डा काळ्या मातीत उभा कापून आत मजूर उतरवायचे नाहीत. फळ्यांचा आधार द्या किंवा कडा तिरक्या घ्या. कोरडी काळी माती दगडासारखी दिसते, पण भेगांवरून पाट्याच्या पाट्या सुटतात.